आली तशी गेलेली कळ

घोरावाडी आणि बेगडेवाडी या स्टेशनांच्या टापूत पुणे-लोणावळा लोकलच्या खिडकीतून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. वर बौद्ध लेणी, त्यातल्या एका लेण्यात महादेव, आणि तिथवर नेणाऱ्या पायऱ्या. या पायऱ्या चढताना छातीत दाटून आलं, जरा टेकल्यावर ओसरलं आणि चढू लागल्यावर पुन्हा आलं, तर पहिला संशय हृदयाचा घ्यायचा. पायथ्याच्या घरांतून रात्री उठणारं एक दुखणं मात्र निराळं असतं. जेवणं आटोपून दोन-तीन तास झालेले, दिवे मालवलेले, आणि छातीच्या खड्ड्यात किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागल्यामुळे माणूस अंथरुणात उठून बसतो. दिवसभरात फारसे श्रम झालेले नसतात, पडझड नसते. पोटात गेलेलं जेवण एवढंच काय ते निमित्त. या दुखण्याचं घर बहुतेक वेळा पित्ताशयात असतं, आणि ते ओळखता येण्यासाठी त्याचं वेळापत्रक माहीत असावं लागतं.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही भाग यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या सात ते दहा सेंटीमीटर लांबीच्या पिशवीत साठतो. पिशवीत मावतं जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर, पण ती पित्तातलं पाणी शोषून घेऊन ते चांगलं दाट करून ठेवते. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं. त्याच्या सांगण्यावरून पिशवी आकसते आणि दाट पित्त आतड्यात उतरून चरबीच्या पचनाला लागतं. पिशवीत खडा असेल तर तोही या रेट्याबरोबर पुढे सरकतो आणि कधीकधी पिशवीच्या मानेत अडकतो. पिशवी आकसते आहे आणि वाट बंद आहे, म्हणून आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते आणि कळ सुरू होते. काही वेळाने पिशवी सैल पडते, खडा मागे घरंगळतो आणि कळ थांबते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

ही कळ लाटांसारखी येत-जात नाही. ती चढते, पाऊण-एक तासाच्या आत शिगेला पोचते आणि तिथेच ठाण मांडून बसते. कमीत कमी अर्धा तास, बहुधा एक ते चार-पाच तास. मध्ये उसंत नसते. कुशीवर वळा, पालथं पडा, उकिडवं बसा, कशानेच फरक पडत नाही. ढेकर आली, वारा सरला, शौचाला होऊन आलं तरी दुखणं तसंच. अंगाला घाम सुटतो, मळमळतं, बऱ्याचदा उलटी होते, आणि उलटीनंतरही म्हणावं तसं बरं वाटत नाही. मग पहाटेच्या सुमाराला कळ ओसरते आणि माणूस गाढ झोपतो. सकाळी उठल्यावर थोडा दुखरेपणा, थोडा थकवा, बाकी काही नाही. पुढची कळ आठवड्याने येईल, सहा महिन्यांनी येईल, किंवा येणारही नाही.

पोटातलं हे दुखणं पाठीतही निघतं. दोन खवाट्यांच्या मध्ये, उजव्या खवाट्याच्या खाली, कधी थेट उजव्या खांद्याच्या टोकाला. पित्ताशयाकडून येणाऱ्या आणि त्या भागातून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर शिरतात, त्यामुळे मेंदूला ठिकाण नीट सांगता येत नाही. पोटापेक्षा पाठच जास्त दुखत असेल तर ‘उसण भरली’ म्हणून तेल लावून चोळलं जातं, गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. उसण हातपाय हलवले, श्वास घेतला, वाकलं की जास्त टोचते. पित्ताशयाची कळ हालचालीला दाद देत नाही. अंधारात, झोपमोडीच्या वेळी हा फरक लक्षात येणं अवघड असतं. दुसऱ्या दिवशी शांतपणे आठवलं तर बहुतेकांना तो सांगता येतो.

आपल्याकडे या दुखण्याचा पहिला उपचार स्वयंपाकघरात होतो. पोटात वर दुखलं, मळमळलं, कडू पाणी उलटून पडलं की घरातलं मोठं माणूस सांगतं, ‘पित्त झालंय.’ मग सोडा-लिंबू, कोकम, आल्याचा रस, नाहीतर औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी. तासाभराने दुखणं थांबतं. ते थांबणारच होतं, कारण खडा मागे सरकला. पण श्रेय सोड्याला मिळतं. पुढच्या वेळी सोडा आधीच काढून ठेवलेला असतो. तिसऱ्या वेळी गावातल्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं जातं, आणि पित्ताशयाच्या कळीवर वेदनाशामक इंजेक्शन खरोखरच चांगलं लागू पडतं, त्यामुळे त्यावरही विश्वास बसतो. वर्षानुवर्षं ‘मला पित्ताचा त्रास आहे’ असं सांगणाऱ्या माणसांमध्ये जठरातल्या आम्लाचे रुग्ण पुष्कळ असतात हे खरं, पण त्यांच्याच रांगेत खड्यांचे रुग्णही उभे असतात आणि दोघांच्या हातात गोळी एकच असते.

वेगळे कसे काढायचे? आम्लाची जळजळ असते. ती छातीच्या मधोमध वर चढते, घशाशी आंबट येतं, आडवं झालं की वाढते, थोडंथोडं का होईना रोज किंवा आठवड्यातून अनेकदा होते. जठरातल्या व्रणाचं दुखणं पुष्कळदा रिकाम्या पोटी येतं आणि चार घास खाल्ल्यावर शमतं. खड्याची कळ क्वचित येते, पण आली की माणसाला तिची तारीख लक्षात राहते. ‘गेल्या लग्नात जेवलो त्या रात्री’, ‘जत्रेचं मटण झालं त्या दिवशी’ असं सांगता येणारी पोटदुखी असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी, इतकं मी निःसंकोच सांगेन.

उलट बाजूही तितकीच खरी. रोजची ढेकर, पोट फुगणं, ‘गॅस’, जेवल्यावर जडपणा, ही खड्यांची लक्षणं नाहीत. फक्त गॅससाठी सोनोग्राफी केली, तीत योगायोगाने खडे दिसले, म्हणून पिशवी काढून टाकली, तर गॅस राहतोच. पुष्कळांची ऑपरेशननंतरची निराशा याच ठिकाणी असते. सर्जनने विचारायच्या आधी आपणच स्वतःला विचारावं की मला दुखतं ते नेमकं कसं दुखतं.

मावळात हे सगळं सांगताना उपवासाचा विषय टाळून चालत नाही. महाशिवरात्रीला घोरावडेश्वराला यात्रा भरते, पंचक्रोशीतली माणसं डोंगर चढतात. देहू जवळच, तेव्हा घरोघरी एकादशी. उपवासाच्या रात्री कळ आली की माणूस बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या मते त्याने काही खाल्लेलंच नसतं. खाल्लेलं असतं साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तुपात परतलेले बटाटे, तळलेल्या पापड्या. दिवसभर पिशवी न आकसता भरून राहिलेली, आणि संध्याकाळी एकदम एवढं तूप-तेल. आकसण्याचा जोर तेव्हा जास्तच असतो. एका दिवसाच्या उपवासाने खडे तयार होत नाहीत, ही भीती बाळगू नये. असलेल्या खड्याला मात्र अशा जेवणाने हलायला निमित्त मिळतं. खडे तयार होण्याचा धोका असतो तो महिनोन्‌महिने चाललेल्या कडक उपाशीपणात आणि झपाट्याने वजन उतरवण्यात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन सतत उतरत असेल तर पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, पिशवी सुस्त पडते, आणि काही आठवड्यांत खडे धरू शकतात. लग्नाआधी वजन कमी करायला निघालेल्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला हवं.

खडे कोणाला होतात याबद्दल डॉक्टरी शिक्षणात एक जुना ठोकताळा चालत आला आहे: चाळिशीतली, स्थूल, मुलंबाळं झालेली बाई. त्यात तथ्य आहे. स्त्रियांमधल्या संप्रेरकामुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात पिशवी आळसावते, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत कळ येणाऱ्या बायका खूप असतात. नव्या बाळाची आई रात्री पोट धरून बसली की ‘बाळंतपणाचा वात’ म्हणून तिला शेक दिला जातो आणि डिंकाचे, तुपाचे लाडू चालूच राहतात. तिची सोनोग्राफी व्हायला हवी. पण या ठोकताळ्याने नुकसानही केलं आहे, कारण त्यात न बसणाऱ्याकडे लक्ष जात नाही.

पित्ताशय काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जनने १५ जुलै १८८२ रोजी केली. त्याचा रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता. सोळा वर्षं त्याला या कळा येत होत्या आणि तो खंगत चालला होता. त्याआधीचे सर्जन पिशवी उघडून खडे काढत आणि पिशवी जागेवर ठेवत. लांगेनबुखचं म्हणणं असं, की पिशवीत खडे आहेत एवढंच नव्हे, तर खडे तीच तयार करते, म्हणून तीच काढली पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाला ताप नव्हता, दुखणं फारसं नव्हतं, आणि तो सिगार ओढत होता. चाळिशी एवढीच काय ती ठोकताळ्याशी जुळत होती.

महाराष्ट्रात आणखी एक मोठा गट या ठोकताळ्याबाहेर राहतो. पूर्व विदर्भ, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे या पट्ट्यात सिकल सेलचा आजार आहे. या आजारात तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यातून निघालेलं रंगद्रव्य पित्तात उतरतं आणि त्याचे काळे, ठिसूळ खडे बनतात. ते शाळकरी वयातही बनू शकतात. या मुलांचे डोळे मुळातच थोडे पिवळसर असतात आणि सिकल सेलच्या कळांनी त्यांचं पोट एरवीही दुखतं, त्यामुळे पित्ताशयाची कळ त्यात हरवून जाते. सिकल सेलचं निदान झालेल्या मुलाला जेवणानंतर उजवीकडे दुखतं असं आई सांगत असेल तर तिचं म्हणणं ऐकून सोनोग्राफी करावी. घरात आई, मावशी, बहीण यांना खडे होऊन गेले असतील तरी शक्यता वाढते. मधुमेहात वाढते. सडपातळ माणसालाही खडे होतात.

खडा दिसतो कसा? कोलेस्टेरॉलचा खडा पिवळसर, कापला तर आत चमकत्या स्फटिकांच्या रेघा. एकाच पिशवीत बरेच खडे वाढले की ते एकमेकांना घासून त्यांना सपाट पैलू पडतात. जनावरांनाही खडे होतात. पूजेच्या साहित्यात आणि जुन्या औषधांत आलेलं गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताशयातला खडाच. माणसाच्या पिशवीत वाळूच्या कणाएवढ्या खड्यापासून अंड्याएवढ्या खड्यापर्यंत काहीही सापडतं. मोठा खडा जास्त वाईट असं सर्वांना वाटतं, पण रोजच्या व्यवहारात लहान खडे जास्त उपद्रवी ठरतात, कारण ते पिशवीच्या मानेतून निसटून पुढच्या नळीत उतरू शकतात. तिथून पुढे दुखण्याचं रूप पालटतं आणि घरी बसण्याची सोय राहत नाही.

ते रूप तीन वाटांनी येतं. पहिली वाट, खडा मानेतच घट्ट रुतून बसतो आणि पिशवी सुजते. मग कळ पाच-सहा तासांत ओसरत नाही, ताप येतो, आणि आतापर्यंत मोघम जागी असलेलं दुखणं उजव्या बरगडीखाली एका ठिकाणी येऊन थांबतं. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी १९०३ मध्ये सांगितलेली एक तपासणी आजही याच वेळी केली जाते. डॉक्टर उजव्या बरगड्यांच्या कडेखाली बोटं ठेवतात आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वासाबरोबर यकृत खाली येतं, त्याला चिकटलेली सुजलेली पिशवी बोटांवर आदळते, आणि रुग्णाचा श्वास मध्येच तुटतो. डाव्या बाजूला तेच केलं तर काही होत नाही. घरी हा प्रयोग करत बसू नये. पण श्वास घेताना उजवीकडे कापल्यासारखं होतं आणि अंगात ताप आहे, एवढं कळलं तरी निघायला पुरे.

दुसरी वाट, खडा पुढच्या मुख्य पित्तनळीत उतरून ती अडवतो. पित्ताला आतड्यात जायला रस्ता उरत नाही, ते रक्तात शिरतं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते, शौचाचा रंग जाऊन ते मातकट पांढरं होतं, अंगाला खाज सुटते. खडा जागा बदलत राहिला तर कावीळ एका आठवड्यात दिसते आणि पुढच्या आठवड्यात उतरते. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरून ताप येतो. दुखणं, कावीळ आणि थंडी वाजून ताप, या त्रिकुटाची नोंद फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये केली. यात माणूस गुंगू लागला, बोलणं असंबद्ध झालं, हातपाय गार पडले तर जंतू रक्तात पसरले आहेत आणि वेळ तासांमध्ये मोजायची आहे.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या रिवाजाबद्दल कळकळीने सांगायचं आहे. डोळे पिवळे झाले की अमुक गावी कावीळ उतरवणारा आहे, तिकडे चला, असं होतं. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं, कुठे गळ्यात माळ घालतात, कुठे नाकात औषध सोडतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून या उतरवणाऱ्यांची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. सोड्याला जसं कळीचं श्रेय मिळतं तसंच हेही. पण नळीत अडकलेला खडा माळेने हलत नाही, आणि माळ घालून घालवलेल्या आठवड्यात आतला पू रक्तात उतरू शकतो. कावीळ कोणतीही असो, आधी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी झालीच पाहिजे. कावीळ न दुखता हळूहळू वाढत गेली, वजन उतरू लागलं, आणि उजव्या बरगडीखाली न दुखणारा गोळा हाताला लागला, तर कारण खडा असण्यापेक्षा स्वादुपिंडाची किंवा नळीची गाठ असण्याची शक्यता जास्त, असं बासेलचे सर्जन कूर्वॉझिए यांनी १८९० मध्ये दाखवून दिलं. तेव्हा दुखत नाही म्हणून थांबणं आणखीच वाईट.

तिसरी वाट, पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात त्या तोंडाशी खडा अडकतो आणि स्वादुपिंडाला सूज येते. हे दुखणं पोटाच्या वरच्या भागातून पट्टा बांधल्यासारखं सरळ पाठीत जातं, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसलं तर किंचित बरं वाटतं. स्वादुपिंडाला सूज येण्याचं दारूच्या बरोबरीचं मोठं कारण हे खडे आहेत. घरातल्या न पिणाऱ्या बाईलाही हा आजार होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

आणि हृदय. पन्नाशीच्या पुढचा माणूस, मधुमेही, रक्तदाब असलेला, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम फुटलाय, धाप लागलीय, तर पित्ताशय की हृदय हे घरी ठरवायचं नाही. आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं की ते दुखणंही छातीच्या खड्ड्यात जाणवतं आणि उलट्याही होतात. मधुमेह्यांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांना दुखणं कमी जाणवतं. आजोबा जेवत नाहीत, अंग कोमट आहे, जरा बरळतात, एवढ्यावरच सडलेली पित्ताची पिशवी सापडू शकते.

निदानाची मुख्य तपासणी सोनोग्राफी. त्यासाठी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण पिशवी भरलेली असेल तरच आतलं नीट दिसतं. पडद्यावर काळ्या पिशवीत पांढरा ठिपका, त्याच्यामागे काळी सावली, आणि रुग्णाला कुशीवर वळवलं की ठिपका घरंगळून दुसरीकडे जातो. सावली पडते आणि हलतो, म्हणून तो खडा. भिंतीला चिकटून न हलणारा ठिपका मस्सा असू शकतो. पिशवीतले खडे सोनोग्राफीत क्वचितच चुकतात. नळीतले मात्र पुष्कळदा चुकतात, कारण पुढच्या आतड्यातला वायू आड येतो. म्हणून रिपोर्टात नळी फुगलेली आहे का, भिंत जाड झाली आहे का, या ओळी खड्याच्या मापाइतक्याच काळजीने वाचाव्यात. साध्या एक्सरेवर बहुसंख्य पित्तखडे उमटत नाहीत. मुतखडे बहुतेक उमटतात, त्यामुळे एक्सरे स्वच्छ आहे म्हणून खडा नाही असं समजणारे फसतात.

मुतखड्याशी होणारी गल्लत एवढ्यावर संपत नाही. ‘पोटात स्टोन आहे’ एवढंच ऐकून घरी कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, बार्लीचं पाणी सुरू होतं. पित्ताचा आणि लघवीचा मार्गच वेगळा. पित्ताशयातला खडा लघवीतून पडू शकत नाही. मुतखड्याचं दुखणं पाठीच्या कुशीतून जांघेकडे उतरतं, माणूस गडबडा लोळतो, लघवीला जळजळ होते. मोबाइलवर फिरणारा ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपाय तर आणखी फसवा. दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवट मऊ गोळे पडतात आणि लोक त्यांचे फोटो काढून पाठवतात. ते गोळे म्हणजे प्यायलेल्या तेलाचाच पोटात बनलेला साबण. खडे होते तिथेच असतात, आणि एवढं तेल एकदम प्यायल्यामुळे पिशवी जोरात आकसून खडा नळीत ढकलला जाण्याचा धोका वेगळाच.

सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि खडे दिसले, दुखत कधीच नव्हतं, असे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. अशांपैकी वर्षाला शंभरात दोघा-चौघांना पुढे त्रास सुरू होतो. बाकीचे खडे बाळगून सुखाने जगतात. न दुखणाऱ्या खड्यांसाठी सर्वसाधारणपणे ऑपरेशनची गरज नसते. खडा तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल, सोबत एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा मस्सा असेल, किंवा सिकल सेलसारखा आजार असेल, तर सर्जनशी वेगळा विचार करावा. पहिली ठसठशीत कळ येऊन गेल्यावर मात्र हिशोब बदलतो. एकदा आलेली कळ पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि गुंतागुंत होण्याआधी, सवडीने, अंगात ताप नसताना केलेलं ऑपरेशन सगळ्यात सोपं.

ते आज दुर्बिणीतून होतं. स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेन गावात एरिश म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी ते पहिल्यांदा केलं आणि त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांना तेव्हा मानलं नाही. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं. सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांच्या वॉर्डात ते झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोजंदारीवर जगणाऱ्याला महिनाभर घरी बसणं परवडत नाही. लहान छिद्रांतून पिशवी निघाली तर तो आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतो. कळ येऊन गेली तरी ‘पोट फाडतील’ या भीतीने सोडा पीत राहणाऱ्यांना हे सांगणं लक्षणं सांगण्याइतकंच गरजेचं आहे.

घोरावाडीसारख्या ठिकाणाहून दिवसा लोकलने पुढच्याच स्टेशनवर तळेगावला किंवा पिंपरीकडे, पुण्याच्या ससूनकडे जाता येतं. रात्री लोकलच्या भरवशावर राहू नये. कळ पाच तासांपलीकडे गेली, ताप भरला, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नये, तातडीने ऑपरेशन किंवा दुर्बिणीने नळी मोकळी करायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या बरोबर घ्याव्यात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर आवर्जून. कळ किती वाजता सुरू झाली, त्याआधी काय आणि कधी खाल्लं, दुखणं कुठून कुठे गेलं, लघवीचा रंग कसा होता, अशीच कळ आधी कधी आली होती, हे कागदावर लिहून नेलं तर तपासणाऱ्या डॉक्टरचं अर्धं काम होतं. जागरणाने दमलेल्या नातेवाइकाला तिथे गेल्यावर यातलं निम्मंही आठवत नाही.

पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून सरळ आतड्यात झिरपत राहतं आणि पचन चालू राहतं. सुरुवातीला काहींना पातळ शौचाला होतं, तेही बहुतेकांचं थांबतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, अगदी तीच जुनी कळ पुन्हा आली तर मात्र ‘पिशवीच नाही, मग खडा कुठला’ असं म्हणून सोडू नये. नळीत आधीच उतरलेला किंवा तिथेच नव्याने बनलेला खडा असू शकतो, आणि अशा वेळी यकृताच्या रक्ततपासण्या करून नळीचा एमआरआय काढून घ्यावा लागतो.